पहारेकरी बदलला, वेस तीच

दरवर्षी थंडीच्या सुमारास आमच्याकडे शिफारसपत्रे मागायला विद्यार्थी येऊ लागतात. एम.ए.चे शेवटचे वर्ष, हातात दोनतीन ब्रिटिश विद्यापीठांची माहितीपत्रके आणि घर तारण ठेवून काढायच्या शैक्षणिक कर्जाचा कच्चा हिशेब. पत्राचा मसुदा ठरतो आणि जाता जाता दारातून एक प्रश्न हमखास येतो: "सर, तिकडे आता नवे सरकार आले आहे. आपल्याला बरे जाईल ना?" २०२२च्या दिवाळीत ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा हा प्रश्न उल्हासाने विचारला गेला, जुलै २०२४मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला तेव्हा आशेने. दोन्ही वेळा आम्ही "बरे जाईल असे दिसते" असे उत्तर दिले आणि दोन्ही वेळा आमचे उत्तर चुकले.

चूक कोणाची होत नाही? पण ही चूक माहितीच्या अभावातून झाली नव्हती. वर्तमानपत्रे आम्हीही वाचत होतो. ती वाचनाची चूक होती. राजकारणाची संहिता आम्ही नायकप्रधान कादंबरीसारखी वाचली: नायक कोण, त्याचे कुळ कोणते, तो मनाने उदार की कठोर, एवढ्यावरून कथानकाचा शेवट आम्ही सांगून मोकळे झालो. वाचायला शिकवणे हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे या चुकीची जाहीर झाडाझडती घेणे आम्हांला भाग आहे. येथील बहुसंख्य वाचकही याच व्यवसायातले, किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे आहेत. तेव्हा ही झाडाझडती केवळ आमची राहू नये, अशी अपेक्षा आहे.

आमचे म्हणणे असे. सरकारचे नेतृत्व बदलले की आप्रवासनाचे धोरण बदलते, ही समजूत अर्धीच खरी आहे. नियम बदलतात, वारंवार बदलतात. पण ते कोणी, केव्हा आणि कोणाला न विचारता बदलावेत याची जी व्यवस्था आहे, ती बदलत नाही. किंबहुना ती तशीच राहते म्हणूनच प्रत्येक नव्या नेत्याला आपला नवेपणा परक्यांच्या आयुष्यावर इतक्या स्वस्तात सिद्ध करता येतो. म्हणून 'कोण आले?' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. 'जो येईल त्याच्या हाती काय आहे?' हा कामाचा प्रश्न आहे.

सुनक यांचेच उदाहरण घ्या. दिवाळीच्या दिवशी, २४ ऑक्टोबर २०२२ला, हुजूर पक्षाने त्यांची नेतेपदी निवड केली आणि दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान झाले. आपल्याकडे 'भारताचा जावई' म्हणून जे कौतुक झाले ते वाचकांच्या स्मरणात असेल. या जावयाच्या कारकिर्दीत काय झाले? पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकायला जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना पती, पत्नी वा मुले सोबत नेण्याची परवानगी होती, ती जानेवारी २०२४पासून काढून घेतली गेली. केवळ संशोधन करणारे तेवढे वगळले. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वसाधारण व्हिसाधारकाने आरोग्यसेवेसाठी भरायचा वार्षिक अधिभार ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंडांवर गेला. मार्चमध्ये वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करायला येणाऱ्या परदेशी सेवकांना कुटुंब आणण्याची बंदी झाली. एप्रिलमध्ये कुशल कामगाराच्या किमान पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर नेण्यात आली, आणि परदेशी जोडीदाराला बोलावू इच्छिणाऱ्यासाठी उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर. यात सुनक यांनी कोणाचा विश्वासघात केला असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आपल्याला काही वचन दिलेच नव्हते. ते वचन आपणच त्यांच्या आडनावात वाचले.

रक्त, वर्ण, आडनाव यांवरून धोरणाचा अंदाज बांधणारे वाचन किती पोकळ आहे, याचे पुरावे त्याच देशात रांगेने उभे आहेत. प्रीती पटेल यांचे आईवडील १९६०च्या दशकात युगांडातून आलेले. गृहमंत्री म्हणून त्यांनी २०२०मध्ये गुणांवर आधारलेली नवी प्रवेशपद्धती मांडली, तेव्हा या नियमांखाली आपल्या आईवडिलांना कदाचित प्रवेश मिळाला नसता, हे त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत मान्य केले. त्यांच्यानंतरच्या सुएला ब्रेव्हरमन यांचे आईवडील केनिया आणि मॉरिशसमधून आलेले भारतीय वंशाचे. विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांवरील बंदी मे २०२३मध्ये जाहीर झाली ती त्यांच्याच गृहमंत्रिपदाच्या काळात. मजूर पक्षाच्या शबाना महमूद यांचे घराणे पाकिस्तानी वंशाचे. सप्टेंबर २०२५मध्ये त्या गृहमंत्री झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये, निर्वासितांना मिळणारे संरक्षण तात्पुरते राहील व बेकायदा मार्गाने आलेल्यांना कायम वास्तव्यासाठी वीस वर्षे थांबावे लागेल, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. स्थलांतरितांची मुले निर्दय असतात, असा निष्कर्ष यातून काढणारा मूर्ख ठरेल. निष्कर्ष एवढाच, की खुर्चीवर बसणाऱ्याचे चरित्र खुर्चीच्या अधिकाराविषयी काहीही सांगत नाही.

पक्षाकडे पाहावे म्हटले तरी हाच अनुभव येतो. १९४८ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने राष्ट्रीयत्वाचा कायदा केला. त्यानुसार वसाहतींतील आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रकुल देशांतील माणसे ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्या देशात येऊ, राहू, काम करू शकत होती. १९६२ साली मॅकमिलन यांच्या हुजूर सरकारने राष्ट्रकुल आप्रवासी कायदा करून ते दार अर्धे लोटले. कामाचे परवानापत्र असेल त्यालाच प्रवेश. मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते ह्यू गेट्स्केल यांनी या कायद्याला वर्णद्वेषी ठरवून संसदेत कडाडून विरोध केला. १९६३च्या जानेवारीत ते वारले. १९६४ साली हॅरल्ड विल्सन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष सत्तेवर आला; पण त्याच निवडणुकीत परराष्ट्रमंत्री होऊ घातलेले पॅट्रिक गॉर्डन वॉकर हे स्मेदिक येथे उघड वर्णद्वेषी प्रचारापुढे पराभूत झाले होते. नव्या सरकारने तो कायदा रद्द केला काय? रद्द करणे दूरच. ऑगस्ट १९६५च्या श्वेतपत्रिकेने परवानापत्रांची संख्या वर्षाला ८,५००वर आणून ठेवली. ज्या कायद्याला विरोधी बाकांवरून क्रूर म्हटले होते तोच सत्तेच्या बाकांवर बसल्यावर अपुरा वाटू लागला.

पक्ष एक, पंतप्रधान एक, आणि फक्त गृहमंत्री बदलला तर काय होते तेही पाहू. मे १९६६मध्ये रॉय जेंकिन्स यांनी एकात्मतेची एक उदार व्याख्या मांडली. सर्वांना समान संधी आणि त्यासोबत सांस्कृतिक वैविध्य, असा तिचा आशय. संस्कृतीच्या अभ्यासकांत ती आजही आदराने उल्लेखिली जाते. नोव्हेंबर १९६७मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले. अर्थमंत्री जेम्स कॅलहन गृहखात्यात आले आणि जेंकिन्स अर्थखात्यात गेले. त्यानंतर चार महिने लोटण्यापूर्वी, केनियातून येऊ पाहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसांना अडवण्यासाठी, १९६८चा राष्ट्रकुल आप्रवासी कायदा संसदेतून अवघ्या तीन दिवसांत मंजूर करून घेण्यात आला. ही माणसे परकी नव्हती, त्यांच्या खिशात ब्रिटिश पारपत्रे होती. कायद्याने एवढेच म्हटले, की ज्याचे आईवडील किंवा आजोबा-आजी यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले, दत्तक गेलेले वा तेथे नागरिकत्व मिळवलेले असेल त्यालाच मुक्त प्रवेश. वर्णाचा उच्चार कोठेही नाही, आजोबांचा आहे. आमच्या विद्यार्थ्यांना शब्दार्थ आणि व्यंग्यार्थ यांतील भेद शिकवण्यासाठी याहून नेमके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. हा व्यंग्यार्थ युरोपीय मानवाधिकार आयोगाने १९७३ साली बरोबर वाचला आणि ही वागणूक वांशिक भेदभावाची व मानहानिकारक ठरवली.

या साऱ्या घडामोडींचा कणा ठरला तो १९७१चा आप्रवासन कायदा. तो एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने केला आणि १ जानेवारी १९७३ला तो लागू झाला. योगायोग असा की ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला तोही याच दिवशी. या कायद्याचे एक कलम साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे असे आहे. त्यानुसार कोणाला किती काळ आणि कोणत्या अटींवर येऊ द्यायचे याचे नियम गृहमंत्री तयार करतो आणि संसदेपुढे ठेवतो. चाळीस दिवसांत कोणत्याही सभागृहाने नापसंती दर्शवली तर त्याने ते बदलायचे. कोणी काही बोलले नाही तर नियम कायम. कलमागणिक चर्चा नाही, दुरुस्ती सुचवण्याची सोय नाही. एकतर सगळे घ्या, नाहीतर सगळे टाका. नोव्हेंबर १९७२मध्ये कॉमन्स सभागृहाने पहिलेच नियम फेटाळले हे खरे. पण असा प्रसंग त्यानंतर क्वचितच आला. विधी आयोगाने २०२०मध्ये हे नियम सुटसुटीत करण्याच्या शिफारशी केल्या, तेव्हा नियमपुस्तक सुमारे अकराशे पानांचे झाले होते. या अकराशे पानांत कोणाचे लग्न, कोणाचे शिक्षण, कोणाची म्हातारी आई आहे. आणि त्यांतील कोणतेही पान पालटायला नव्या मंत्र्याला नवा कायदा करावा लागत नाही.

अभ्यास संपल्यावर तेथे राहून काम करण्याची मुभा हा आमच्या विद्यार्थ्यांच्या कर्जाच्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा. तिचा इतिहास पाहा. २००८ साली, मजूर सरकारच्या काळात, दोन वर्षे. एप्रिल २०१२मध्ये, टेरिझा मे गृहमंत्री असताना, बंद. सप्टेंबर २०१९मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारची घोषणा आणि जुलै २०२१पासून पुन्हा दोन वर्षे. मे २०२५मध्ये कीर स्टार्मर यांच्या मजूर सरकारच्या श्वेतपत्रिकेत दीड वर्षाचा प्रस्ताव. आणि १ जानेवारी २०२७पासून केलेल्या अर्जांना, पीएच.डी. झालेले वगळता, तो लागू होईल अशी त्याच वर्षी झालेली घोषणा. दिली मजूर पक्षाने, काढली हुजूर पक्षाने. पुन्हा दिली हुजूर पक्षाने, कापली मजूर पक्षाने. यातून कोणत्या पक्षाची विचारसरणी वाचणार? वाचता येते ती विद्यापीठांची गरज. स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क २०१७पासून कित्येक वर्षे ९,२५० पौंडांवर गोठले होते आणि परदेशी विद्यार्थ्याकडून त्याहून किती तरी अधिक घेता येत होते. दार उघडले ते गरजेपोटी, आणि गरजेपोटी उघडलेले दार मतांच्या गरजेपोटी लोटताही येते. 'नियंत्रण परत मिळवू' या घोषणेवर युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या हुजूर राजवटीतच, २०२३च्या मध्याला संपलेल्या वर्षात, निव्वळ आप्रवासन नऊ लाखांच्या वर गेले, हे तरी दुसरे काय सांगते?

या प्रकरणात भाषेचा वाटा मोठा आहे आणि तो शोधणे हे तर खास आमचेच काम. २०१२ साली टेरिझा मे यांनी बेकायदा राहणाऱ्यांसाठी 'प्रतिकूल वातावरण' निर्माण करण्याचा मनोदय सांगितला. २०१४ आणि २०१६च्या कायद्यांनी घरमालक, बँका, मालक यांना पहारेकरी केले. त्या जात्यात भरडली गेली ती मुख्यतः कॅरिबियन बेटांवरून १९७३पूर्वी कायदेशीरपणे आलेली, म्हातारी झालेली माणसे. त्यांच्याकडे कागद नव्हते, कारण आले तेव्हा कागदांची गरजच नव्हती. अशा अनेकांच्या आगमनाचा पुरावा ठरू शकली असती ती जहाजावरून उतरतानाची कार्डे २०१०मध्ये नष्ट करण्यात आली होती. तो निर्णय आधीच्या मजूर राजवटीतल्या २००९मधला आणि अंमल हुजूर राजवटीतला. एप्रिल २०१८मध्ये 'विंडरश प्रकरण' म्हणून हा अन्याय चव्हाट्यावर आला. गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला आणि पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाचे पुत्र साजिद जाविद त्यांच्या जागी आले. त्यांनी 'प्रतिकूल' हा शब्द आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले. यापुढे 'नियमपालनाचे वातावरण' म्हणावे. विशेषण बदलले. २०१४ आणि २०१६चे कायदे जागच्या जागी राहिले.

सात वर्षांनी हाच खेळ उलट बाजूने खेळला गेला. १२ मे २०२५ला श्वेतपत्रिका मांडताना स्टार्मर यांनी देश 'अनोळखी माणसांचे बेट' होण्याचा धोका बोलून दाखवला. टीकाकारांना इनॉक पॉवेल यांचे एप्रिल १९६८चे बर्मिंगहॅममधले भाषण आठवले. जूनमध्ये स्टार्मर यांनी त्या शब्दप्रयोगाबद्दल खेद व्यक्त केला. शब्दाबद्दल खेद झाला. कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची प्रतीक्षा सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा त्या श्वेतपत्रिकेतला प्रस्ताव मात्र मागे घेतला गेला नाही. त्या श्वेतपत्रिकेच्या शीर्षकातही 'नियंत्रण' हाच शब्द होता. २०१६च्या सार्वमतातली घोषणा विरोधकाच्या मुखपृष्ठावर येऊन बसली.

आता आक्षेपाचा विचार करू. कोणी म्हणेल, की नेतृत्वाने काहीच फरक पडत नाही असे सांगून तुम्ही निराशा पेरता. युगांडातून १९७२ साली इदी अमीनने हाकललेल्या सुमारे २८ हजार आशियाई माणसांना हीथ यांनी आपल्याच पक्षातल्या विरोधाला न जुमानता आसरा दिला नाही काय? परदेशी जोडीदारांना छळणारा, 'लग्नाचा मुख्य हेतू' तपासणारा नियम १९९७ साली सत्तेवर येताच मजूर सरकारने काढून टाकला नाही काय? लोकांना रवांडाला पाठवण्याची योजना स्टार्मर यांनी जुलै २०२४मध्ये येताच बंद केली नाही काय?

केली, आणि त्याचे श्रेय आम्ही नाकारत नाही. ज्यांचे प्राण वाचले, संसार वाचले, त्यांना धोरणाच्या सातत्यावरचे आमचे प्रवचन ऐकवणे निर्लज्जपणाचे होईल. पण ही उदाहरणे जरा निरखून पाहा. १९७२ साली आलेल्यांपैकी बहुतेकांकडे ब्रिटिश पारपत्रे होती. त्यांना मिळाली ती दया. पण १९६८चा कायदा झाला नसता तर तो त्यांचा हक्क होता. हक्क काढून घ्यायचा आणि मग त्याचाच एक तुकडा कृपा म्हणून परत द्यायचा, हा व्यवहार उदार माणसाच्या हातूनही होऊ शकतो, कारण व्यवस्थाच तशी आहे. लग्नाचा हेतू तपासणारा नियम गेला. पंधरा वर्षांनी, २०१२ साली, त्याच दाराला १८,६०० पौंडांच्या उत्पन्नाची अट लागली. नियमाने दिलेले नियमानेच गेले. रवांडाच्या बाबतीत तर, स्टार्मर येण्यापूर्वी, १५ नोव्हेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना बेकायदा ठरवली होती. सुनक सरकारचे उत्तर असे, की एप्रिल २०२४मध्ये 'रवांडा हा सुरक्षित देश आहे' असे मानणे कायद्यानेच बंधनकारक करण्यात आले. वस्तुस्थिती बदलता येत नसेल तर तिचे विधान बदलावे, ही कल्पना ललित लेखकांची मिरास आहे असे आम्ही आजवर समजत होतो.

आणखी एक उदाहरण भारतीयांच्या जवळचे आहे. २००६ साली ब्लेअर सरकारने, नेतृत्वात कोणताही बदल झालेला नसताना, दोन नियम फिरवले. परदेशी डॉक्टरांना परवान्याशिवाय मिळणारी प्रशिक्षणाची संधी गेली; त्यांत भारतीय डॉक्टरांची संख्या मोठी होती. आणि उच्चकुशल स्थलांतरितांच्या योजनेखाली आधीच येऊन राहिलेल्यांना मुदतवाढीसाठी नव्या गुणांच्या कसोटीला उभे करण्यात आले. या माणसांनी नव्या नेत्याची वाट पाहिली नाही. ते संघटित झाले आणि न्यायालयात गेले. एप्रिल २००८मध्ये उच्च न्यायालयाने, ज्या अटींवर माणसांना बोलावले त्या अशा मागाहून बदलणे अन्यायाचे आहे, असा निर्णय दिला. त्याच महिन्यात डॉक्टरांसंबंधी आरोग्य खात्याने काढलेली सूचना लॉर्ड्स सभागृहाच्या न्यायाधीशांनी बेकायदा ठरवली. जून २००७मध्ये ब्लेअर जाऊन गॉर्डन ब्राऊन आले होते. पण या विजयाशी त्याचा काही संबंध नव्हता. दिलेला शब्द लेखी होता आणि तो वाचून दाखवणारे कोणी होते, म्हणून तो पाळला गेला. आम्हांला सापडलेला हा एकमेव आशेचा धडा आहे, आणि तो वाचनाचाच आहे.

येथे आम्हांला आपल्या वर्गखोल्यांकडे वळले पाहिजे. गेली वीसपंचवीस वर्षे आपण 'डायस्पोरा' शिकवतो. स्मृती, विस्थापन, संकर, दोन संस्कृतींच्या मधली पोकळी या संज्ञांनी उत्तरपत्रिका भरून वाहतात. परंतु सॅम्युएल सेल्व्हन यांच्या १९५६ सालच्या 'द लोनली लंडनर्स'मधली माणसे जहाजातून उतरून रेल्वेने वॉटर्लू स्थानकावर येतात ती व्हिसा न घेता, कारण ती ब्रिटिश प्रजाजन आहेत; त्यांचे एकटेपण हे नागरिकाचे एकटेपण आहे, परवानाधारकाचे नव्हे; आणि तिच्यानंतर सहा वर्षांनी त्यांच्या भावंडांना ते दार बंद होणार आहे, हे आपण वर्गात सांगतो काय? १९६२, १९६८, १९७१, १९८१ हे चार कायदे ज्या अभ्यासक्रमात नाहीत तो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला स्थलांतराचे दुःख शिकवतो आणि त्याचे कारण लपवतो. मग तो विद्यार्थी आमच्या दारात उभा राहून नव्या पंतप्रधानाच्या स्वभावाविषयी विचारतो, आणि आम्ही स्वभावाविषयीच उत्तर देतो. दोष त्याचा नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हांला थांबता येत नाही. जानेवारी १९७८मध्ये, सत्तेवर येण्यापूर्वी सव्वा वर्ष, मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत वेगळ्या संस्कृतीच्या माणसांमुळे लोकांना आपण बुडून जाऊ अशी भीती वाटते, अशा अर्थाचे उद्गार काढले. पुरात, दलदलीत बुडण्याचे ते क्रियापद ब्रिटिश राजकारणात कुप्रसिद्ध झाले. १९८१च्या राष्ट्रीयत्व कायद्याने केवळ त्या भूमीवर जन्मल्याने मिळणारे नागरिकत्वही संपवले. आम्ही हे क्रियापद वर्गात मोठ्या तावातावाने सोलून दाखवतो. पण त्याला मराठी प्रतिशब्द शोधावा लागत नाही, तो रोजच्या छापील मजकुरात तयार आहे: 'लोंढे'. आमची मुले बर्मिंगहॅमला गेली की ती अटकेपार झेंडा रोवतात. बिहारातला मुलगा कल्याणला उतरला की तो लोंढा होतो. तो तर परदेशी नागरिकही नाही. या देशात कोठेही जाऊन राहण्याचा त्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमात लिहिलेला आहे. परमुलखात आपल्याला ज्या शब्दाने हिणवले जाते तोच शब्द घरात आपण दुसऱ्यासाठी वापरत असू, तर परमुलखातल्या नव्या नेत्याकडून औदार्याची अपेक्षा करण्याचा आपला नैतिक अधिकार कितीसा उरतो?

येत्या थंडीत पुन्हा विद्यार्थी येतील. तोवर तेथे कोणी नवे आलेले असेल किंवा नसेल. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत त्या देशाने पाच पंतप्रधान सत्तेवरून जाताना पाहिले, तेव्हा या बाबतीत भाकीत करण्याची हौस आम्हांला उरलेली नाही. प्रश्न तोच असेल. या वेळी आम्ही विद्यार्थ्याला बसायला सांगू. नेत्याचे नाव बाजूला ठेवू आणि नियमपुस्तकातील त्याच्यापुरती पाने त्याच्यासोबत वाचू: यातले काय कायद्यात आहे आणि काय नुसते नियमात, कोणती सवलत अर्जाच्या दिवशी मोजली जाते आणि कोणती प्रवेशाच्या दिवशी, घर तारण ठेवताना यांतील कोणत्या ओळीवर भरवसा ठेवता येईल आणि कोणत्या नाही. त्यास तासभर लागेल. शिफारसपत्र त्यानंतर लिहू.